आजाराची भिशी

पिंपळटाकळी, ता. केज
दि. २३ एप्रिल १९८७

आदरणीय शहादेव दादा यांस,

धाकटी बहीण मुक्ता हिचा सविनय जय भीम. सिंधुवहिनींना जय भीम सांगावा, लेकरांना आशीर्वाद. तुमचे कार्ड पोचले. कार्डावर चार ओळी लिहून बाकीची जागा कोरी सोडायची तुमची सवय अजून गेलेली नाही. एवढी जागा वाया गेलेली मला बघवली नाही, म्हणून मी तिथे या महिन्याच्या किराण्याची यादी केली. त्यामुळे तुमचे कार्ड सध्या दुकानात आहे आणि मी आठवणीवरून उत्तर लिहीत आहे. काही राहून गेले तर समजून घ्यावे.

इकडे सर्व खुशाल. पाऊस नाही, हे तुम्हाला तिकडे कडा गावीही दिसतच असेल. आमचे हे रोज शाळेत जातात आणि मुले गुरांच्या मागे छावणीवर जातात, असे शिक्षण चालले आहे. आत्याबाई (म्हणजे सासूबाई, तुम्ही मागच्या वेळी माझ्या खऱ्या आत्याची विचारपूस करून त्यांचा राग ओढवून घेतला होता) ठणठणीत आहेत. सकाळची वंदना माझ्याआधी उरकतात आणि माझ्या उच्चारातल्या चुका काढायला मोकळ्या होतात. हातपंप आजारी आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठते आणि पाठीतून खांद्यापर्यंत जाते, पण जाते म्हणजे जातेच, मुक्कामाला राहत नाही. म्हणून मी ती धरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या कामाच्या ठिकाणी पगारातून दरमहा काही रक्कम कापून दवाखान्याचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना निघते आहे, आणि तुम्ही पंचांपैकी एक म्हणून तुम्हाला हो की नाही ते सांगायचे आहे. आमच्या गावात अशी योजना तेरा वर्षे चालू आहे, तेव्हा अनुभव कळव, असे तुम्ही लिहिले होते (बहुतेक). कळवते. मात्र एक आधीच सांगून ठेवते. मी रोज पंचशील घेते आणि त्यातले चौथे शील, खोटे न बोलण्याचे, मला सगळ्यांत जड जाते, कारण गोष्ट थोडी वाढवल्याशिवाय मला सांगताच येत नाही. तेव्हा जिथे वाढली असेल तिथे मी कंसात कमी करीत जाईन. तुम्ही कंस वगळून वाचू नयेत.

योजनेचा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला. मी तेव्हा नवी सून. सगळे गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आम्हीही होतो. दुसऱ्या आठवड्यात मुकादमाला कळले की ही बाई मॅट्रिक आहे. त्याने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि मस्टर दिले. त्यामुळे कोण आले, कोण नाही आले आणि का नाही आले, हे गावात माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा रामकिसन नावाचे एक तरुण डॉक्टर सायकलवरून टोचायला येत असत (सायकल त्यांची नव्हती). त्यांनी माझे मस्टर पाहिले आणि विचारले, की ही माणसे आठ-आठ दिवस गैरहजर असतात आणि माझ्याकडे खाटेवर घालून येतात, मग आधी का येत नाहीत? मी म्हटले, पैशाची जुळणी होत नाही. जुळणी होईपर्यंत आजार कोणासाठी थांबतो होय? यावर डॉक्टरांनी मस्टरातली गैरहजरांची पानेच्या पाने उतरवून घेतली (दोन पाने). पुढे दुष्काळ सरला, ज्वारी आली, तेव्हा ते पुन्हा गावात आले आणि म्हणाले, की आजारी माणसाजवळ पैसे नसतात, तर पैसे धडधाकट असतानाच द्या. पैसे नसतील तर घरटी महिन्याला एक पायली ज्वारी द्या. मी इथेच राहतो. आजारी पडलात की काही मागणार नाही.

गावाला हे फार विचित्र वाटले. आमच्या शेजारी म्हाळू म्हणून मेंढरेवाला आहे, तो उभा राहून डॉक्टरांना म्हणाला, "दूध पेल्यावर पैसं देतो, मंग खोकायच्या आदी पैसं कावून देऊ बे?" डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून ज्वारीचा हिशोब सांगू लागले. पण चेअरमन भगवानराव यांनी योजना उचलून धरली. ते आधीच दूध डेअरीचे आणि सोसायटीचे चेअरमन होते आणि तिसरी संस्था निघाली तर त्यांना नको नव्हती. चौऱ्याहत्तर साली रीतसर नोंदणी झाली, दवाखान्यावर पाटी लागली: जीवनज्योत सहकारी आरोग्य संस्था मर्यादित. ते शेवटचे 'मर्यादित' लोकांनी फार मनावर घेतले. आजार मर्यादेतच पडायचा, त्यापुढचा संस्था घेत नाही, असा सगळ्यांचा समज झाला तो अजून आहे.

म्हाळू अखेर आला, पण ज्वारी द्यायला तयार होईना. त्याने सालाचा एक बोकड दिला. डॉक्टरांनी तो केजच्या बाजारात विकून सुया उकळायचे भांडे आणले (म्हाळू अजून ते भांडे पाहुण्यांना "ह्ये आमचं बोकड" म्हणून दाखवतो). मात्र त्या दिवसापासून म्हाळू आजार बोकडाच्या मापाने मोजू लागला. पोराचा ताप उतरला की म्हणे, एक तंगडी वसूल झाली. खरजेचे मलम मिळाले की म्हणे, ह्ये तर नुसतं खुरात गेलं. एका साली घरात कोणी आजारी पडले नाही, तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी (संस्थेचे साल दसऱ्याला संपते) दवाखान्यात जाऊन बसला, की अख्खे बोकड शिल्लक आहे, काहीतरी द्या. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, तेव्हा उठला.

बायकांचे काय झाले ते आता सांगते आणि यात दोष माझा आहे. आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे, ती मी चालवते. दर पौर्णिमेला माझ्या ओट्यावर सगळ्या जमतात, तांब्यात चिठ्ठ्या टाकतात, जिची निघेल तिने रक्कम न्यायची आणि बाकी अकरा जणींना चहा पाजायचा. एकदा असा चिठ्ठीचा लंबर लागला की फेरी संपेपर्यंत तिची चिठ्ठी तांब्यात पडत नाही. एखादीला फारच नड असली तर दुसरी आपला लंबर तिला लिहून देते. हे सर्व वहिनींना माहीत आहे, तुम्हाला माहीत असायची गरज नाही, पण पुढचे कळावे म्हणून लिहिले. तर संस्थेच्या पहिल्या सभेत डॉक्टर बायकांपुढे तासभर बोलले (पाऊण). जोखीम, वाटणी, सामूहिक, असले शब्द. भिशीतली केसरबाई तर झोपलीच. मग भगवानराव मला म्हणाले, मास्तरीणबाई, तुम्ही सांगा. मी मास्तरीण नाही, मास्तरांची बायको आहे, पण मला सांगण्याची भारी हौस. मी उठले आणि एका वाक्यात सांगितले: बायांनो, ही आपली भिशीच आहे, फक्त तांब्यातली चिठ्ठी निसर्ग काढतो. सगळ्या जणींना एकदम उजेड पडला. त्याच बैठकीत अंगठे उठले. डॉक्टरांनी सभेत माझे आभार मानले, ते वृत्तांतातही आहेत. त्या एका वाक्याचे मी तेरा वर्षे भोगते आहे.

कारण पुढच्याच महिन्यात भिशीतल्या विमलबाईला हिवताप आला, आणि गल्लीत बातमी पसरली की पहिला लंबर विमलबाईचा लागला. अकरा जणी तिच्या घरी चहाला गेल्या. ती बिचारी गोधडीत कुडकुडत चुलीपुढे बसून चहा करत होती आणि वरून "साखर कमी पडली का ओ?" असे विचारत होती. मी समजावून थकले. केसरबाईला तर तीन साल काहीच झाले नाही. ती मला रस्त्यात अडवून भांडली, की दर साली भरते, माझाच लंबर कसा लागत नाही, तांब्या नीट हलवता का न्हाई? शेवटी तिला विंचू चावला, तेव्हा गल्लीत पेढे वाटायचेच बाकी राहिले होते (चहा दिला, तोही बिनदुधाचा).

योजनेचा गावावर परिणाम काय, असेही तुम्ही विचारले होते. परिणाम सगळ्यांत जास्त डॉक्टरांवर झाला. दुसऱ्या गावचे डॉक्टर पेशंट दिसला की हसतात. आमचे डॉक्टर पेशंट दिसला की कपाळाला आठ्या घालतात, कारण त्यांना मिळायचे ते आधीच मिळालेले आहे आणि पेशंट म्हणजे नुसते काम. त्यामुळे आपण आजारी पडू नये यासाठी हा माणूस जी धडपड करतो ती सख्खी आई करत नसेल. विहिरीत पावडर टाकायला स्वतः उतरतो. भाकरीआधी हात धुतले का, म्हणून घराघरात डोकावतो. मागे भगवानरावांच्या घरच्या लग्नात जेवणाचे पाणी उकळले नाही म्हणून वरातीपुढे आडवा उभा राहिला (बाजूला उभा होता, पण बोलत होता). लोकांचे म्हणणे, डागदर आळशी हाय, काम नको म्हून गाव निरोगी ठेवतोय. आणि सुई देत नाही ही मोठी तक्रार. गोळी दिली की माणसे बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, आपलं काही चुकलं का? पण दादा, गेल्या सात सालांत आमच्या गल्लीत हगवणीने एकही लेकरू गेले नाही. याला कंस नाही.

आता यंदाची गोष्ट. म्हाळूची बायको साखराबाई (आमच्या बारा जणींतलीच) ही मार्गशीर्षात शेळ्यांना पाला पाडताना लिंबावरून पडली आणि तिचा हात मोडला. हात बसवला, प्लास्टर झाले, केजच्या दोन फेऱ्या झाल्या, सगळे संस्थेने केले. म्हाळूने घरी येऊन जाहीर केले की यंदाचे बोकड संपले, शिंगांसकट. इकडे भिशीच्या हिशोबानेही साखराबाईचा लंबर लागून गेला. पुढे गेल्या पौर्णिमेला ती ओट्यावर आली नाही, म्हणून मी बघायला गेले. चैत्राचे ऊन, पत्र्यावर पापड भाजावा असे, आणि ही मेंढरांच्या वाड्यामागे दोन घोंगड्या पांघरून बसलेली. अंग तव्यासारखे. श्वास घेताना आवाज. मी विचारले, किती दिवस झाले? तर म्हणे, नवू. डॉक्टरकडे कावून गेली न्हाईस? तर माझ्याकडेच अशी पाहायला लागली, की एवढे शिकून हिला काही कळते का नाही. "माझा लंबर लागून गेलाय बाई. दसऱ्याला नवी फेरी लागंल, तवर काढते कळ."

दसऱ्याला सहा महिने होते, दादा. मी तिला तासभर समजावले (हा तास पुरा आहे). लंबर नसतो, फेरी नसते, दहादा आजारी पडलीस तरी जाता येते. तिचे एकच, तुमीच तर म्हनलात भिशी हाय म्हून. डॉक्टरांना इथे आणते म्हटले, तर म्हणे, आणा, मी रानात निघून जाईन, फुकटचं मी खाणार न्हाई, माझ्या पायी दुसऱ्या कुणाचा लंबर बुडायचा. माझे सगळे मॅट्रिक तिथे संपले. मग मी घरी येऊन कॅलेंडरचा मागच्या महिन्याचा कागद फाडला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिले: मी मुक्ताबाई सर्जेराव, माझा या सालचा लंबर साखराबाई म्हाळू यांस राजीखुशीने दिला आहे, पुढे माझी तक्रार नाही. खाली सही केली. तिने शिक्का मागितला. शाळेचा शिक्का घरात होता, पण तो आमच्या ह्यांच्या विश्वासावर ठेवलेला असल्याने (दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे) मी बांगडीला काजळ लावून गोल उठवला. तो तिला पसंत पडला. चिठ्ठी तिने चंचीत सुपारीशेजारी ठेवली आणि उठून दवाखान्यात न्यायला आणलेल्या भगवानरावांच्या जीपमध्ये निमूटपणे बसली. फुप्फुसाला सूज होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस बसली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता. दहा दिवस सुया दिल्या. (म्हाळूला आनंद झाला, सुया मिळाल्या म्हणून.)

तर असे हे अडाण्यांचे समज. मी अर्थातच लंबर वगैरे मानत नाही. चिठ्ठी ही युक्ती होती. माझ्या हिशोबाच्या वहीत तेरा सालांची भरलेली ज्वारी आणि पैसे डाव्या बाजूला आहेत आणि उजवी बाजू, घेतलेल्या औषधांची, अगदी कोरी आहे, याचा मला अभिमान आहे (अभिमान नको, समाधान). बरगडीचे मी डॉक्टरांना सांगितलेले नाही, ते लंबर देऊन टाकला म्हणून नव्हे. घरात काम असते म्हणून. आणि आमच्या ह्यांची दाढ दुखते, आत्याबाईंचे वय झाले, तेव्हा घरातल्या कोणाचे काय निघेल सांगता येत नाही, आपण जपून असावे, एवढेच. मध्ये दोन दिवस पत्र थांबले होते, कारण कळ आली होती. तव्यावर वीट तापवून फडक्यात बांधून शेकले की बसता येते. लिहिता येते.

कागद संपत आला. तुमच्या योजनेला हो म्हणावे की नाही हे सांगायचे राहिलेच, पण एवढे वाचल्यावर तुम्हाला आपोआप कळेल. वहिनींना व लेकरांना जपावे. सर्वांचे मंगल होवो.

तुमची,
मुक्ता

ता.क. हा कागद वेगळा आहे हे तुमच्या लक्षात आले असेल. वरचे पत्र घरीच राहिले होते, आज सत्तावीस तारीख. काल दुपारी साखराबाई बरी होऊन आली. मी वीट पोटाशी धरून बसले होते. तिने मला पाहिले, विटेला पाहिले, माझे डोळे पाहिले (पिवळे झाले आहेत, मला वाटले आरसा जुना झाला). कमरेची चंची सोडली आणि माझी चिठ्ठी माझ्या मांडीवर ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. म्हणाली, "घ्या तुमचा लंबर. डागदरानं मागितलाच न्हाई." मी म्हटले, मी सांगतच होते, लंबर लागत नाही म्हणून. तर म्हणे, "मंग तुमी कुनाची वाट बघत बसल्यात?" मी वीट खाली ठेवली. मग तीच दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालूनच आले. म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत असे दिसते. अंबाजोगाईला फोटो काढून खात्री करू, मग बहुधा ऑपरेशन. सर्व संस्थेचे. मी म्हटले, बाहत्तर साली खडी फोडली त्यातली गिळली की काय. ते हसले नाहीत. मला ओरडले, की तुम्हीसुद्धा?

ता.क. दुसरा. वर 'माझी प्रकृती उत्तम आहे' असे लिहिले आहे ते खोडायला हवे होते, पण खाडाखोड मला आवडत नाही. तेव्हा ते वाक्य इथे कमी करते. 'लंबर देऊन टाकला म्हणून नव्हे' हेही कमी करावे. आणि दादा, मला भीती वाटते, हे वाढवून लिहिलेले नाही. परवा मला नेणार आहेत. पत्र लिहिण्याचे खरे कारण ही भीतीच होती, पण वहिनींना बोलवायचे म्हणजे तुमच्या घरचे अडणार, म्हणून तेरा वर्षांचा इतिहास मध्ये घालून पाहिला. सिंधुवहिनींना तीन आठवड्यांसाठी पाठवाल का? आमच्या ह्यांना चहासुद्धा येत नाही, आणि आत्याबाईंची वंदना ऐकायला कोणीतरी लागते. पत्र पोस्टाने वेळेवर पोचायचे नाही म्हणून म्हाळूच्या हाती देत आहे. तो आज एसटीने आष्टीकडच्या मेंढरांच्या बाजाराला निघालाच आहे, तिथून कडा जवळच. त्याला जेवू घाला, पण काय द्याल ते मोजू नका, तो मोजतो.

ता.क. तिसरा. योजनेला हो म्हणा. डोळे मिटून हो म्हणा. फक्त ती कशासारखी आहे, असे कोणी विचारले, तर काहीही सांगू नका. आता थांबते, ओट्यावर अकरा जणी येऊन बसल्या आहेत आणि साखराबाई आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारते आहे, की लंबर लागलेल्या बाईचा चहा अजून का आला नाही.